दिव्याखालचे ताट आणि तळ्यातला मासा

जूनच्या उत्तरार्धात इंदूरवर पहिला दमदार पाऊस पडून गेला, की त्या संध्याकाळी घरोघरी एकच धांदल उडते. ट्यूबलाइटभोवती लांब पारदर्शक पंखांच्या तपकिरी पाखरांचे थवे जमतात, ती आमटीच्या वाटीत पडतात, केसांत अडकतात, आणि मग घरातले वडीलधारे माणूस इतर सगळे दिवे मालवून एकच दिवा चालू ठेवते व त्याच्याखाली पाण्याने भरलेले ताट मांडते. आमच्या घरी हे काम आजीचे असे. पाखरे दिव्याकडे झेपावता झेपावता पाण्यावर पडत, पंख पाण्याला चिकटत, काही वेळ ती जागच्या जागी गरगर फिरत, आणि सकाळी ताटात व जमिनीवर पंखांचा नुसता खच उरलेला असे.

हे ताट नीट आठवणे फार उपयोगाचे आहे, कारण नेमक्या त्याच वेळी बिलावली तलावावर, चोरल धरणावर आणि माळव्यातल्या लहानमोठ्या तळ्यांवरही हेच घडत असते. पाणी म्हणजे एक अफाट ताट, आणि त्याच्या खाली तोंड वर करून वाट पाहणारे मासे. गळाने मासे धरण्याचा छंद असलेल्या अनेकांना पडणारे एक जुने कोडे याच ताटात सुटते. काल ज्या कणकेच्या गोळीला चांगले मासे लागले, तीच गोळी आज पाण्यात तासभर पडून राहते. मासे मात्र पाण्याच्या वर उड्या मारताना डोळ्यांनी दिसत असतात. मासे आहेत, त्यांना भूक आहे, आमिष आहे, तरी गळ रिकामा का?

आमिष म्हणजे गळाला लावायचे खाद्य, ज्याला इकडची मराठी घरेसुद्धा हिंदीच्या सहवासाने बहुधा ‘चारा’ म्हणतात. ऋतूप्रमाणे निघणारे किडे हे त्या आमिषांपैकी सर्वांत जुने आणि सर्वांत कमी समजून घेतलेले आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि माशांच्या जाती व त्यांना घालायचे खाद्य यांचा विचार त्यात केलेला आहे. म्हणजे ‘कोणत्या माशाला काय आवडते’ हा प्रश्न आपल्याकडे निदान नऊशे वर्षे गांभीर्याने विचारला गेला आहे.

सगळी पाखरे एकाच संध्याकाळी का निघतात?

पहिल्या पावसाची ही पाखरे म्हणजे वाळवी, अर्थात उधई. वारुळात राहणाऱ्या बिनपंखांच्या कामकरी वाळवीपेक्षा ती वेगळी दिसतात, कारण ती त्या वसाहतीतली पंख फुटलेली नर-मादीची पिढी असते आणि तिच्यापैकी मोजकी जोडपी पुढे नव्या वारुळाचे राजा-राणी होतात. उन्हाळ्यात दगडासारखी झालेली माळव्याची काळी माती पावसाने मऊ पडते आणि हवेत ओलावा येतो, तेव्हा त्या परिसरातील अनेक वारुळांतून ती एकाच वेळी बाहेर पडतात. गावातली सगळी लग्ने एकाच मुहूर्तावर लागावीत तसा हा प्रकार आहे, आणि त्यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे दुसऱ्या वारुळातला जोडीदार त्याच वेळी बाहेर असल्याशिवाय जोडी जमणार नाही. दुसरे म्हणजे पाली, बेडूक, पक्षी, मुंग्या आणि मासे यांनी कितीही खाल्ले, तरी एका संध्याकाळी इतका ढीग संपत नाही व काही जोडपी वाचतात.

नवे वारूळ वसवताना सुरुवातीला या जोडप्याला बाहेरून अन्न मिळत नाही, म्हणून निघतानाच त्यांच्या अंगात चरबीचा भरपूर साठा असतो. माशाच्या बाजूने पाहिले तर हा जणू डिंकाचा लाडू आहे: आकाराने लहान, ताकदीने भरपूर, आणि पाठलाग न करता तोंडाशी आलेला.

पाण्याखालच्या माशाला हे कसे कळते?

पाण्याच्या पृष्ठभागावर रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे एक ताणलेला पापुद्रा असल्यासारखी स्थिती असते. तिला पृष्ठताण म्हणतात. हलका किडा या पापुद्र्यावर पडला की बुडत नाही, पण पंख चिकटल्याने त्याला उठताही येत नाही, आणि त्याच्या धडपडीने बारीक बारीक लहरी चहूकडे पसरतात. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्याची अगदी सूक्ष्म हालचालही या रेषेतल्या संवेदी पेशींना कळते. जुन्या वाड्यात माडीच्या लाकडी तक्तपोशीवर कोणी पाऊल टाकले, की खालच्या खोलीत बसलेल्याला वर न बघताही कोण कुठे चालले आहे ते कळते, तसेच हे आहे. त्यात भर म्हणजे खालून वर पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्या किड्याची काळी आकृती स्पष्ट दिसते.

कणकेची गोळी याच्या अगदी उलट वागते. ती बुडते, स्थिर पडून राहते आणि वासाने व चवीने बोलावते. म्हणून कणीक आणि किडा ही एकाच प्रकारची दोन आमिषे आहेत, असे समजणेच मुळात चुकीचे आहे. एक नाकाला आणि जिभेला दिलेले आमंत्रण आहे, दुसरे डोळ्यांना आणि कुशीवरच्या त्या रेषेला. ज्या संध्याकाळी पाण्याचा पृष्ठभाग किड्यांच्या लहरींनी भरून गेला आहे, त्या संध्याकाळी तळाशी पडलेल्या गोळीचे आमंत्रण तिथे पोहोचतच नाही.

मासा आपली आवड का बदलतो?

आपल्या सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, फेरी मारली तर हे सहज कळेल. पावसाळ्यात गर्दी भुट्ट्याच्या किसाभोवती असते आणि थंडीत गराडूच्या कढईभोवती. माणसे तीच, जिभा त्याच, पण जो पदार्थ ज्या ऋतूत भरपूर आणि ताजा मिळतो त्याच्याकडे पाय वळतात. माशांच्या बाबतीत आवडीबरोबर आणखी एक गोष्ट घडते आणि ती समजून घेण्यासाठी तांदूळ निवडण्याचे उदाहरण घ्यावे. सुरुवातीच्या दोन-तीन मुठींत खडे नजरेतून सुटतात, पण एकदा नजर बसली की मग पाहावे तिथे खडेच दिसतात आणि तांदळाचा दाणा मोडका आहे की अखंड, हे कळतही नाही. प्राणिशास्त्रात याला शोधप्रतिमा म्हणतात, म्हणजे वारंवार सापडणाऱ्या भक्ष्याची मनात पक्की झालेली आकृती. एकसारखे वीस-पंचवीस किडे गिळलेल्या माशाची नजर त्या आकाराला, त्या रंगाला आणि त्या धडपडीला इतकी सरावते की इतर खाद्य समोरून गेले तरी त्याच्याकडे लक्ष जात नाही.

यातून गळाचा एक सरळ नियम निघतो. आमिष ‘उत्तम’ असून भागत नाही. ते त्या दिवशी त्या पाण्यात जे पडत आहे त्याच्यासारखे असावे लागते. त्यामुळे घरून डबा भरून नेण्यापेक्षा काठावर पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे गवत, दगडांच्या खालची बाजू, दिव्याचे खांब आणि पाण्यावरचा फेस पाहण्यात घालवणे अधिक फायद्याचे ठरते.

पण सगळे मासे किडे खातात का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. तळ्यातली पंगत तीन मजल्यांवर बसलेली असते आणि माशाच्या तोंडाची ठेवण पाहिली तर तो कोणत्या मजल्यावर जेवतो ते कळते. बाजारात सर्वांत परिचित असलेले कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे याचे उत्तम उदाहरण आहेत. कटल्याचे मोठे तोंड वर वळलेले असते व तो वरच्या थरात जेवतो. रोहू मधल्या थरात. मृगळाचे तोंड खाली वळलेले असते व तो तळावरचा कुजका गाळ आणि त्यातले जीव खातो. मात्र कटल्याचे तोंड वर आहे म्हणून तो नाकतोड्यावर झडप घालेल असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण त्याचे मुख्य खाद्य पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म प्राणी हे आहे आणि तो ते पाण्यासकट ओढून कल्ल्यांतील गाळणीने गाळून घेतो. रोहू बराचसा वनस्पतींवर जगतो. या तिघांसाठी कणीक, सत्तू, पेंड यांची भिजवून केलेली गोळीच बरी, आणि तसे सांगण्यात किड्यांचा काही कमीपणा नाही.

किड्यांचे खरे गिऱ्हाईक दुसरेच आहेत. चांदीच्या पात्यासारखा लहानसा चिलवा वरच्या थरात थव्याने फिरतो आणि पडलेला किडा क्षणात उचलतो. तळ्यावर संध्याकाळी जी टपटप ऐकू येते ती बहुधा त्याचीच असते. मरळ, ज्याला इथल्या बाजारात सांवल म्हणतात, हा पक्का शिकारी असून तो मासे, बेडूक आणि मोठे किडे खातो. त्याला हवेतला श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर यावेच लागते, त्यामुळे पाणवनस्पतींच्या काठाशी पडलेला नाकतोडा त्याच्या वाटेतच येतो. शिंगटा, मागूर यांसारखे मिशाळ मासे रात्री तळाशी वासाने अन्न शोधतात, त्यांना पाण्यात बुडवलेली अळी किंवा रातकिडा चालतो. सायप्रिनस नावाने विकला जाणारा परदेशी कार्प तळाचा चिखल उकरून त्यातल्या अळ्या काढतो. तिलापिया तर जे मिळेल ते खातो.

आणि नर्मदेचा महसीर. मोठ्या खवल्यांचा, वाहत्या स्वच्छ पाण्याचा हा मासा किडे, शिंपले, लहान मासे आणि काठच्या झाडांची गळलेली फळे असे सगळे खातो. 2011 साली तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा ठरला, पण नदीवर धरणे होऊन वाहते पाणी साठते झाल्यावर त्याचे विस्तीर्ण घर आकसले. महसीर गळाला लागला तर त्याला हळुवार सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढे जे काही लिहिले आहे ते महसीर सोडून इतर माशांसाठी आहे.

मग पहिल्या पावसाच्या संध्याकाळी गळ घेऊन निघावे का?

निघू नये. या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायची गोष्ट हीच आहे.

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा काळ माशांच्या प्रजननाचा ‘बंद ऋतू’ म्हणून जाहीर आहे आणि त्या काळात नद्या, जलाशय व त्यांना जोडलेल्या पाण्यात मासेमारीला मनाई असते. नदीनाल्यांशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांपुरती त्यात सूट आहे. ही तारीख आणि वाळवीची तारीख एकमेकींशेजारी येणे हा योगायोग नाही. जो पाऊस वारुळाला मुहूर्त देतो तोच पाऊस माशालाही देतो. गढूळ नवे पाणी नदीत उतरले, पाण्याचे तापमान घसरले आणि काठचे गवत बुडाले, की रोहू, कटला, मृगळ यांच्या माद्या प्रवाहाविरुद्ध वर सरकतात व उथळ पुराच्या पाण्यात अंडी सोडतात. एका चांगल्या वाढलेल्या मादीची अंडी लाखांच्या घरात असतात. म्हणजे जूनअखेरीस गळाला लागलेला एक पोटुशी मासा हा हिशेबात एक मासा नसतोच.

मरळाची गोष्ट तर याहून हृदयाला भिडणारी आहे. मरळाची जोडी अंड्यांची आणि नंतर पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात एखाद्या चेंडूसारखा एकत्र फिरतो आणि आई-बाप त्याच्या खाली पहारा देतात. अशा वेळी घोळक्याजवळ टाकलेल्या किड्यावर पालक चवताळून येतो, ते भुकेने नव्हे तर रक्षणासाठी. तो गळाला लागला की काही वेळात इतर मासे तो संपूर्ण घोळका फस्त करतात. ‘पावसाळ्यात मरळ पटकन लागतो’ असे कौतुकाने सांगणाऱ्यांनी तो का लागतो हे जाणून घ्यावे.

तेव्हा पहिल्या पावसाची पाखरे ही पाहण्यासाठी आहेत. कोणती पाखरे पडतात, किती वाजता पडतात, वाऱ्याने कोणत्या काठाला जमतात, कोणते मासे कुठे उसळतात, हे सगळे गळाशिवाय तळ्याकाठी बसून पाहता येते, आणि ते ज्ञान ऑगस्टनंतर पुढचे तीन महिने उपयोगी पडते.

15 ऑगस्टनंतर काय मिळते?

भरपूर मिळते, आणि माळव्यातल्या शेतीच्या वेळापत्रकाशी ते घट्ट बांधलेले आहे.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा नाकतोड्यांचा काळ. पावसाने वाढलेल्या गवतात जून-जुलैत जन्मलेली पिले तोवर पूर्ण वाढतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून सोयाबीनची कापणी सुरू झाली की शेतातला आडोसा नाहीसा होतो आणि नाकतोडे बांधाकडे, नाल्याच्या काठाकडे सरकतात; दुपारच्या वाऱ्यात त्यांतले कितीतरी पाण्यात पडतात. माझ्या मते गळासाठी वर्षातला सर्वांत समाधानाचा काळ हाच आहे, कारण प्रजनन उरकलेले असते, मासा खाऊन भरून येत असतो, पाणी निवळलेले असते आणि आमिष पायाखाली उडत असते. नाकतोडा दुपारी हाती लागत नाही, पण पहाटे दवाने आणि गारव्याने तो आखडलेला असतो, तेव्हा गवताच्या पात्यावरून पानासारखा सहज उचलता येतो.

याच महिन्यांत रातकिडेही असतात. ओल्या पाचोळ्याच्या ढिगाखाली, विटांच्या खाली ते सापडतात व रात्री फिरणाऱ्या मिशाळ माशांना अधिक रुचतात. दिवाळीच्या सुमारास दिव्यांवर येणारे इवलेसे हिरवे तुडतुडे गळाला लावण्याइतके मोठे नसतात, मात्र पाण्यावर त्यांचा सडा पडला की चिलवे तेवढेच टिपत बसतात आणि मोठ्या आमिषाकडे दुर्लक्ष करतात. अशा संध्याकाळी गळ लहान आणि आमिषही लहान, हा एकच उपाय.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या रात्री चांगल्याच गार होतात. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, तो कमी खातो आणि कमी हलतो. हवेत किडे जवळजवळ नसतात. या दिवसांत आमिष शोधायचे ते हरभऱ्यावरची घाटे अळी, कुजक्या लाकडातल्या अळ्या किंवा ओढ्यातल्या दगडांखाली राहणारी पाणकिड्यांची पिले. ऊन चढल्यावर, सकाळी दहानंतर उथळ पाण्यात थोडीफार हालचाल मिळते.

उन्हाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पाणी आटून मासे डोहात कोंडले जातात आणि तिथे कोणत्याही आमिषाला ते लागतात. पण पावसाळ्यात नदी पुन्हा भरते ती याच कोंडलेल्या माशांच्या जिवावर, म्हणून मे महिन्यातल्या डोहांना मी हात लावत नाही. मेअखेर किंवा जूनमध्ये एखादी सर पडली की संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे तपकिरी भुंगेरे उतरतात, आणि वर्षाचे चक्र पुन्हा ताटापाशी येते.

किडा गळाला कसा लावावा?

इथे बहुतेकांची चूक एकच असते: गळ फार जाड. जाड गळाच्या वजनाने किडा बुडतो आणि मग पृष्ठभागावरच्या लहरींचा सगळा फायदा जातो. बारीक तारेचा लहान गळ घ्यावा. दुकानात मागताना हे लक्षात ठेवावे की गळाचा क्रमांक जसा वाढतो तसा गळ लहान होत जातो, त्यामुळे आठ क्रमांकापेक्षा बारा क्रमांकाचा गळ लहान असतो. नाकतोड्याच्या मानेमागे जे खोगिरासारखे कवच असते त्याच्या खालून गळाचे टोक अलगद ओवावे, पोटातून ओवू नये, कारण पोट मऊ असते आणि दोन फेकींत फाटते. दोरीला शिसे लावू नये. वारा पाठीशी घेऊन उभे राहावे, म्हणजे हलका किडाही दूर जातो, आणि तो जिथे पडतो तिथे नैसर्गिक किडेही वाऱ्याने पडतच असतात. मरळासाठी कमळाच्या किंवा शेवाळाच्या कडेला किडा टाकून दोरी किंचित हलवावी, थांबावे, पुन्हा हलवावी. पाणी उसळल्याबरोबर झटका देण्याचा मोह आवरावा. मासा किडा घेऊन वळला की मगच दोरी ताणावी.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला, तर काही मासे निसटतात हे खरे, पण लहान किंवा नको असलेला मासा न फाटता सुटतो. मला हा व्यवहार परवडणारा वाटतो.

किड्यांना यातना होत नाहीत का?

हा आक्षेप इंदूरसारख्या शहरात, जिथे अनेक घरांत मुंगीलाही पाय लागू नये असे पाहिले जाते, वारंवार निघतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. किड्याला इजेची जाणीव होते व तो तिच्यापासून दूर जातो, एवढे तर स्पष्ट दिसते. म्हणून जिवंत किडा ओवण्याचा आग्रह धरू नये. किड्यांची डबी तासभर बर्फाच्या पेटीत ठेवली की ते निश्चल होतात, आणि नंतर बर्फकप्प्यात ठेवल्यास तसेच मरतात. असे किडे पाण्यावर चांगले तरंगतात. पाण्यावर पडणाऱ्या किड्यांपैकी पुष्कळ थोड्या वेळात थकून निपचित होतातच, त्यामुळे न हलणारा किडा माशाला अनोळखी नसतो. दोरीच्या हलक्या थरथरीने हालचालीची उणीव भरून निघते. ज्यांना हेही नको वाटते त्यांनी कणकेची गोळी वापरावी.

कोणते किडे मुळीच घेऊ नयेत?

पहिला वगळायचा तो फवारणी झालेल्या शेतातला किडा, मग तो कितीही सहज हाती येवो. सोयाबीनवर आणि हरभऱ्यावर वापरली जाणारी काही कीटकनाशके, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, माशांना अत्यंत विषारी असतात. जमिनीवर जी मात्रा क्षुल्लक वाटते ती पाण्यात घातक ठरते. शेतातले नाकतोडे सुस्त आणि सहज पकडता येण्यासारखे झाले आहेत, असे दिसले तर ते नशीब समजू नये; ते बहुधा विषबाधेचे लक्षण असते. शेतकऱ्याला विचारूनच बांधावर पाय ठेवावा आणि फवारणी कधी झाली तेही विचारावे.

चतुर आणि त्याच्याच नात्यातला बारीक अंगाचा टाचणी नावाचा किडा यांना हात लावू नये. ते हवेत डास पकडतात आणि त्यांची पिले पाण्यात डासांच्या अळ्या खातात. मधमाशी तर प्रश्नच नाही. भेंडीच्या आणि तुरीच्या फुलांवर बसणारा काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा दिसायला देखणा असतो, पण त्याच्या अंगातल्या द्रवाने त्वचेवर मोठाले फोड येतात. केसाळ सुरवंटाचेही तसेच.

आणि मुलांना हमखास हवा असतो तो मखमली लाल मृगाचा किडा. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नसून कोळ्यांच्या नात्यातला आहे. त्याचा भडक रंग हा खाणाऱ्यांना दिलेला इशारा असतो. तो गळाला लावून काही साधत नाही. तळहातावर घेऊन पाहावा आणि मातीत परत सोडावा.

किडे पाण्याबद्दल काय सांगतात?

आमिष शोधता शोधता पाण्याची तपासणी आपोआप होते, हा या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ आहे. पातालपाणीच्या वरच्या बाजूला किंवा चोरल नदीच्या खडकाळ पात्रात पाण्यातला दगड उलटा करून पाहिला आणि खालच्या बाजूला शेपटीसारखे तीन बारीक तंतू असलेली चपटी पिले सरपटताना दिसली, तर ती मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची असण्याची शक्यता मोठी. पाण्यात महिनोन्‌महिने राहिल्यावर हा किडा पंख घेऊन बाहेर येतो तेव्हा त्याला खाण्यासाठी कामाचे तोंडच नसते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अंडी घालून तो संपतो. त्याच्या पिलांना भरपूर प्राणवायू असलेले स्वच्छ पाणी लागते. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिस नावाच्या किड्याची अळीही अशाच पाण्याची खूण आहे.

याउलट चिखलात रक्तासारख्या लाल, वळवळणाऱ्या बारीक अळ्यांचे पुंजके दिसले, तर त्या चिलटांच्या एका जातीच्या असतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, म्हणजे आपल्या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याच्याच जातीचा. त्याच्या बळावर त्या प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही तग धरतात. त्या माशांना आवडतात हे खरे, परंतु जिथे दुसरे काहीच नाही आणि याच अळ्यांचा चिखल झाला आहे, तिथे सांडपाणी येत आहे असे समजावे व तिथला मासा ताटात घेऊ नये. शहरातून वाहणाऱ्या कान्ह नदीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

सिरपूर तलाव आणि यशवंतसागर यांना 2022 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. ते गळ टाकण्यासाठी नाहीत, पण किडे पाहण्यासाठी त्यांच्याइतक्या चांगल्या जागा शहराजवळ दुसऱ्या नाहीत. इतर कोणत्याही जलाशयावर जाण्यापूर्वी तिथला मासेमारीचा ठेका कोणत्या सहकारी संस्थेकडे आहे आणि परवानगी कोण देते, याची चौकशी मत्स्य विभागात करूनच जावे.

आणि किडेच दिव्यांकडे वळले तर?

तळ्याकाठच्या प्रखर दिव्यांनी हे घडतच असते. अंधाऱ्या काठावर वाळवी आणि पाणकिडे पाण्यावर पडतात. दिव्यांनी उजळलेल्या काठावर तेच किडे खांबाभोवती फिरून फरशीवर पडतात आणि सकाळी झाडूने गोळा होतात. पाणकिड्यांची आणखी एक फसगत होते. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या एका विशिष्ट गुणावरून ते पाणी ओळखतात आणि काळ्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावरून किंवा चकाकत्या काळ्या मोटारीच्या टपावरून येणारा प्रकाश त्यांना तसाच भासतो. मग माद्या तिथेच अंडी घालतात व ती उन्हात वाळून जातात. घराखाली गाडी उभी असेल तर पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी तिच्या टपाकडे जरा निरखून पाहावे.

आजीच्या ताटातली पाखरे आम्ही मुले सकाळी परसातल्या हौदात ओतत असू, आणि हौदातले मासे ती पाच मिनिटांत संपवत. पंख मात्र दुपारपर्यंत पाण्यावर तरंगत राहत.